पत्त्यांची वही आपल्याच हाती : ई-मेल सेवा कशी निवडावी?



जुन्या सभासदांना आठवत असेल, पूर्वी मंडळाचे वार्तापत्र पोस्टाने जात असे. कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये रविवारी दुपारी पाच-सहा जण जमायचे, आणि चहा-चिवड्याच्या साथीने पाकिटांवर पत्त्यांची लेबले चिकटवायचे. घर बदललेल्यांची पाकिटे परत यायची, मग चिटणीस आपल्या वहीत खाडाखोड करायचे. त्या काळात छपाईवाला दोन-तीनदा बदलला. अंकाचा आकारही बदलला. पण पत्त्यांची वही मात्र एका चिटणिसाकडून दुसऱ्याकडे जपून दिली गेली. मंडळाची खरी मालमत्ता तीच होती.

आज हे आठवायचे कारण म्हणजे आमच्या परिचयातील एका वहिनींवर आलेला प्रसंग. मी व्यवसायाने लोकांचे आयकराचे कागद तयार करतो, त्यामुळे आपल्या मंडळींच्या कमाईच्या कथा माझ्या कानांवर आधी पडतात. या वहिनी मधुमेह असलेल्यांसाठी मराठी स्वयंपाकाचे व्हिडिओ करतात. भाकरी किती, भात किती, सणाच्या ताटात काय घ्यावे आणि काय टाळावे, असे सगळे समजावून सांगतात. चार वर्षांत अकरा हजार लोक त्यांचे व्हिडिओ पाहू लागले. दिवाळीच्या आधी त्या पंधरा दिवसांचा ऑनलाइन वर्ग घेत आणि त्या पैशांतून मुलीच्या कॉलेजचा एक हप्ता भरत.

एका वर्षी दिवाळीच्या तीन आठवडे आधी त्यांचे खाते अचानक बंद झाले. कोणत्या नियमाचा भंग झाला हे कोणी सांगेना, फोनवर बोलायला माणूस मिळेना. तेवीस दिवसांनी खाते परत मिळाले, पण तोवर दिवाळी होऊन गेली होती. वहिनी माझ्याकडे पावत्यांचा डबा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, “भावजी, अकरा हजार माणसे माझी होती असे मी समजत होते. पण त्यांतल्या एकाचाही पत्ता माझ्याकडे नव्हता!”

आपल्या घरांतून आज कितीतरी जण लिहितात, पॉडकास्ट करतात, मुलांना ऑनलाइन मराठी किंवा तबला शिकवतात. अशा सर्वांसाठी हा लेख आहे. प्रश्न फक्त कोणती ई-मेल सेवा घ्यावी एवढाच दिसतो, पण त्यामागे घरच्या मिळकतीची सुरक्षितता आहे.

दुसऱ्याच्या अंगणातली रांगोळी

व्हिडिओचे किंवा फोटोंचे संकेतस्थळ हे दुसऱ्याचे अंगण असते. तिथे रांगोळी जरूर काढावी, पण अंगण कधी बंद होईल ते आपल्या हाती नसते. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कलाकारांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. अमेरिकेतही १८ जानेवारी २०२५ च्या रात्री टिकटॉक बंद पडले. ते दुसऱ्याच दिवशी सुरू झाले खरे, पण त्या एका रात्रीत अनेकांना धडकी भरली.

आणि हे फक्त व्हिडिओंचेच होते असे नाही. ई-मेल पाठवण्याच्या सेवाही बंद पडतात. ट्विटरने २०२१ मध्ये विकत घेतलेली ‘रिव्ह्यू’ ही वार्तापत्रांची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद झाली. लेखकांची आवडती ‘टायनीलेटर’ २०११ मध्ये मेलचिंपने घेतली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी बंद केली. दोन्ही वेळा ज्यांनी आपली यादी वेळेत उतरवून घेतली त्यांचे काम दुसऱ्या सेवेतून पुढे चालू राहिले. ई-मेलचा हाच मोठा गुण आहे. पाठवणारी कंपनी बदलली तरी वाचकाचा पत्ता तोच राहतो, जसा छपाईवाला बदलला तरी चिटणिसांची वही तीच राहिली.

साध्या जीमेलने का भागत नाही?

“चारशे लोकांना बीसीसी करून टाकतो की!” असे पुष्कळ जण म्हणतात. पण घरगुती जीमेल खात्यातून दिवसाला साधारण ५०० जणांनाच पत्र पाठवता येते. एकदा चुकून बीसीसीऐवजी सीसी झाले की सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. ज्याला पत्र नको त्याला नाव काढण्याची सोय नसते, मग तो सरळ ‘स्पॅम’चे बटण दाबतो.

ई-मेल सेवा चार कामे करते. नाव नोंदवण्याचा फॉर्म देते, नको असलेल्याचे नाव आपोआप कमी करते, बंद पडलेले पत्ते बाजूला काढते, आणि नवीन माणसाला ठरावीक दिवसांनी ठरावीक पत्रे आपोआप पाठवते. उदाहरणार्थ, वहिनींच्या यादीत कोणी आले की पहिल्या दिवशी स्वागत, तिसऱ्या दिवशी नाश्त्याचे तीन पदार्थ आणि दहाव्या दिवशी वर्गाची माहिती. बाकीच्या शंभर सुविधा जाहिरातीत दिसतात, पण सुरुवातीला एवढ्यावर भागते.

आता सेवा निवडताना विचारायचे चार प्रश्न एकेक करून पाहू. क्रमही हाच ठेवावा.

पहिला प्रश्न : इथून बाहेर कसे पडता येईल?

घर भाड्याने घेताना आपण करारातले घर सोडण्याचे कलम आधी वाचतो, तसेच इथे करावे. सेवेत मोफत खाते उघडावे, घरच्याच चार-पाच जणांची नावे घालावीत, आणि लगेच ती यादी उतरवून घेऊन पाहावी. ती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडेल अशा तक्त्यात मिळाली पाहिजे. त्या तक्त्यात तीन गोष्टी आहेत का ते बघावे : नाव आणि पत्ता, त्या माणसाने कधी नोंदणी केली ती तारीख, आणि ज्यांनी नाव कमी करून घेतले त्यांची वेगळी यादी. तिसरी गोष्ट लोक विसरतात. नव्या सेवेत जाताना ती नेली नाही, तर ज्यांनी ‘नको’ म्हटले होते त्यांनाच पुन्हा पत्रे जातात आणि तक्रारी येतात.

वर्गणी घेत असाल तर आणखी एक पाहावे. कार्डाचे पैसे जमा करणारे खाते, उदाहरणार्थ स्ट्राइपचे, आपल्या स्वतःच्या नावावर आहे की सेवेच्या? आपल्या नावावर असेल तर सेवा बदलली तरी वर्गणीदार बहुधा सोबत नेता येतात. नसेल तर प्रत्येकाला पुन्हा कार्ड द्यायची विनंती करावी लागते, आणि अशा वेळी बरीच गळती होते हे सांगायला नको.

सेवा कितीही चांगली असो, दर महिन्याच्या एक तारखेला यादीची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी. घराचा हप्ता भरतो त्याच दिवशी हे काम केले की विसर पडत नाही. फाइलला पासवर्ड मात्र लावावा, कारण त्यात लोकांनी विश्वासाने दिलेले पत्ते असतात.

दुसरा प्रश्न : यादी वाढल्यावर खर्च किती?

आपण दर पाहतो ते आजचे. पाहायला हवेत ते दोन वर्षांनंतरचे. या सेवांचे पैसे आकारण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार यादीतील नावांप्रमाणे. समजा एखादी सेवा १,००० नावांना महिना १५ डॉलर्स, ५,००० नावांना ७० आणि १०,००० नावांना ११० घेते (हे आकडे केवळ हिशेबासाठी आहेत). म्हणजे यादी दसपट झाली की वर्षाचा खर्च १८० डॉलर्सवरून १,३२० वर जातो. मिळकत त्या प्रमाणात वाढणार असेल तर हरकत नाही. पण छंद म्हणून कविता पाठवणाऱ्याला तो भुर्दंडच.

इथे ‘नाव’ कशाला म्हणतात हेही विचारावे. मेलचिंप २०१९ पासून नाव कमी करून घेतलेल्यांनाही मोजते. ती नावे आपण स्वतः ‘आर्काइव्ह’ केली तरच हिशेबातून निघतात. ज्याला पत्रच जात नाही त्याचे पैसे भरत राहणारे लोक मी माझ्या टेबलासमोर पाहिले आहेत. वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईसारखी यादीही झाडावी. बरेच महिने काहीच हालचाल नसलेल्यांना “अजून पत्र हवे आहे का?” असे विचारावे आणि उत्तर न देणाऱ्यांना वगळावे.

दुसरा प्रकार मिळकतीच्या टक्केवारीचा. सबस्टॅक ही २०१७ मध्ये सुरू झालेली सेवा पत्रे पाठवायला काही घेत नाही, पण वाचकांकडून वर्गणी घेतलीत तर तिचे १० टक्के घेते. त्याशिवाय कार्डाचे शुल्क असतेच. अमेरिकेत ते सर्वसाधारणपणे २.९ टक्के आणि दर व्यवहाराला ३० सेंट असते.

हिशेब करून पाहू. शंभर वाचक महिना ५ डॉलर्स देतात, म्हणजे ५०० जमा. सेवेचे ५० गेले. कार्डाचे १४.५० आणि वर शंभर वेळा ३० सेंट, म्हणजे ३०, असे ४४.५० गेले. हाती राहिले ४०५.५०. शंभरातले जवळजवळ एकोणीस वाटेतच संपले! यात सेवेच्या टक्केवारीपेक्षा ते तीस सेंट गंमतीदार आहेत. महिन्याला घेतले तर कार्डाचा वर्षाचा खर्च ५३४ डॉलर्स होतो. तीच ६० डॉलर्सची वर्गणी वर्षातून एकदा घेतली तर १७४ आणि ३० असे २०४ डॉलर्स लागतात. म्हणजे ३३० डॉलर्स वाचले. म्हणून शक्य तर वार्षिक वर्गणीच ठेवावी. आपल्याकडची मासिके वार्षिक वर्गणीवर चालत आली ती उगाच नव्हे.

दोन प्रकारांत कोणता निवडावा यासाठी एक सोपे गणित आहे. ठरावीक शुल्क घेणाऱ्या सेवेचा महिन्याचा दर घ्यावा आणि त्याला दहाने गुणावे. दर ५० डॉलर्स असेल तर उत्तर ५००. वर्गणीतून महिना ५०० पेक्षा कमी येत असतील तर १० टक्क्यांची सेवा स्वस्त, जास्त येत असतील तर ठरावीक शुल्काची. वर्गणी घ्यायचीच नसेल आणि यादीचा उपयोग फक्त वर्गाची किंवा पुस्तकाची माहिती देण्यासाठी असेल, तर टक्केवारीचा प्रश्नच येत नाही.

मोफत योजनेबद्दल दोन शब्द. ती जरूर घ्यावी, पण कायमची समजू नये. मेलचिंपने २००९ मध्ये मोफत योजना सुरू केली. बरीच वर्षे तीत २,००० नावांची सोय होती, २०२३ मध्ये ती मर्यादा ५०० वर आली. मेलरलाइटने २०२५ मध्ये १,००० ची ५०० केली. उलट किट या सेवेने २०२४ मध्ये आपली मोफत मर्यादा १०,००० पर्यंत वाढवली, मात्र तीत आपोआप जाणाऱ्या पत्रांची एकच मालिका ठेवली. दर असे वरखाली होत राहतात. म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता, पैसे भरायच्या दिवशी स्वतः दरपत्रक उघडून पाहावे.

तिसरा प्रश्न : पत्र पोहोचते का?

पत्र पाठवले पण ते स्पॅममध्ये पडले, तर सगळा खटाटोप पाण्यात. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत नियम कडक केले. पाठवणारा खरोखर तोच आहे याची खूण पत्रासोबत लागते. या खुणांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क म्हणतात. नावे अवघड असली तरी अर्थ सोपा आहे : पाकिटावरचा प्रेषकाचा पत्ता खोटा नाही, याची ती मोहोर आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत, शिवाय एका क्लिकने नाव कमी करण्याची सोयही. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या, म्हणजे हजारात तिनाच्या, खाली ठेवाव्या लागतात. आपली यादी लहान असली तरी या तिन्ही खुणा करून ठेवणेच शहाणपणाचे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. प्रेषक म्हणून आपला जीमेलचा पत्ता वापरू नये. जीमेलच्या नावाने दुसऱ्याच कंपनीच्या यंत्रावरून पत्र आले की ते संशयास्पद ठरते. त्याऐवजी स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, विकत घ्यावे. डॉटकॉमचे साधे नाव वर्षाला साधारण दहा ते वीस डॉलर्समध्ये मिळते. दोघांनी हॉटेलात मसाला डोसा खाल्ला तरी याहून जास्त होतात! सेवा बदलली तरी हे नाव आपलेच राहते. मग सेवेकडून मिळालेल्या दोन-तीन ओळी डोमेनच्या खात्यात भरायच्या. हायस्कुलात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर अर्ध्या तासाचे काम आहे.

निवड पक्की करण्याआधी देवनागरीची परीक्षाही घ्यावी. विषयाच्या ओळीत मराठी लिहून एक पत्र घरच्या आयफोनवर, अँड्रॉइडवर आणि ऑफिसच्या आउटलुकवर पाठवून पाहावे. जोडाक्षरे नीट दिसतात का, ‘नाव कमी करा’ ही ओळ मराठीत लिहिता येते का, फॉर्मवरच्या सूचना मराठीत करता येतात का? दादर-पुण्यातले आईवडील आपले वाचक असतील तर याला फार महत्त्व आहे.

आणि ‘किती जणांनी उघडले’ या आकड्यावर विसंबू नये. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये खाजगीपणाची सोय आणली, तेव्हापासून माणसाने पत्र न पाहताही ते ‘उघडले’ असे नोंदले जाऊ शकते. किती जणांनी दुव्यावर क्लिक केले, किती जणांनी उलट उत्तर लिहिले, हे आकडे खरे. उघडण्याच्या आकड्यांचे सुंदर आलेख दाखवणाऱ्या सेवेला त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

चौथा प्रश्न : कायद्यात बसते का?

अमेरिकेत २००३ चा ‘कॅन-स्पॅम’ कायदा आहे. त्याप्रमाणे व्यापारी स्वरूपाच्या पत्रात खोटा विषय चालत नाही, नाव कमी करण्याची सोय लागते, आणि कोणी ‘नको’ म्हटले तर कामाच्या दहा दिवसांत त्याचे नाव काढावे लागते. एकेका पत्रामागे दंडाची कमाल मर्यादा पन्नास हजार डॉलर्सहून अधिक आहे. ती गाठली जाईल असे नव्हे, पण खेळ करण्याची ही गोष्ट नाही.

याच कायद्याने प्रत्येक पत्रात पाठवणाऱ्याचा टपालाचा पत्ता लागतो. नवीन मंडळी इथे घरचा पत्ता टाकून मोकळी होतात आणि तो हजारो अनोळखी लोकांकडे जातो. एकट्या राहणाऱ्या भगिनींनी तरी असे करू नये. पोस्टात रीतसर नोंदवलेला पी. ओ. बॉक्स कायद्याला चालतो. त्याचे भाडे सेवेच्या खर्चात धरून ठेवावे.

टोरांटोचे वाचक असतील तर कॅनडाचा कायदा जास्त कडक आहे. १ जुलै २०१४ पासून तिथे पत्र पाठवण्याआधी संमती लागते, आणि आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती धरली जात नाही. युरोप आणि इंग्लंडमध्येही संमतीची नोंद ठेवावी लागते. या सगळ्यांवर एकच उपाय आहे. दुहेरी संमतीची सोय असलेली सेवा घ्यावी. म्हणजे नाव नोंदवणाऱ्याला आधी एक पत्र जाते, आणि त्यातल्या दुव्यावर त्याने ‘होय’ म्हटल्यावरच नाव यादीत येते. नावे थोडी कमी जमतात, पण जमतात ती पक्की.

ओघात एक विनंती. मंडळाच्या सभासदांची डिरेक्टरी, गणेशोत्सवाच्या नोंदणीचा कागद, व्हॉट्सॲपचा ग्रूप, यांतले पत्ते उचलून आपल्या यादीत भरू नयेत. ते पत्ते लोकांनी मंडळाला दिले आहेत. अशा यादीतून तक्रारी येतात, सेवा खाते बंद करते, आणि मंडळातली जुनी मैत्री तुटते ती वेगळीच. मंडळाच्या कार्यक्रमात टेबल लावून, ज्याला हवे त्याला स्वतःच्या हाताने नाव लिहायला सांगावे. वेळ लागतो, पण मन स्वच्छ राहते.

मग कोणाला काय सोयीचे?

मुख्यतः लिहिणाऱ्याला आणि वाचकांकडून वर्गणी घेऊ पाहणाऱ्याला सबस्टॅक सोपे. पहिल्या दिवसापासून खर्च नाही. वर्गणी वाढली की वर सांगितलेले दहाचे गणित करावे आणि बीहाइव्ह किंवा घोस्ट यांच्याकडे पाहावे. या दोन्ही सेवा वर्गणीतला हिस्सा न घेता ठरावीक शुल्क घेतात. घोस्ट ही एका ना-नफा संस्थेची सेवा असून तिचे सॉफ्टवेअर खुले आहे, त्यामुळे तांत्रिक हौस असणारा ते स्वतःच्या सर्व्हरवरही चालवू शकतो.

वर्ग घेणाऱ्याला आणि पुस्तिका विकणाऱ्याला आपोआप जाणारी पत्रे महत्त्वाची. त्याने किट, मेलरलाइट यांसारख्या सेवा पाहाव्यात. मसाले, साड्या, दागिने असा माल विकणाऱ्याने आपल्या दुकानाच्या सॉफ्टवेअरशी कोणती सेवा जुळते ते आधी विचारावे. दोनशे माणसांना महिन्यातून एक पत्र पाठवणाऱ्याला तर कोणत्याही सेवेची मोफत योजना पुरे. त्याने फक्त पहिला प्रश्न विसरू नये.

पैसे येण्याआधी : व्हिसा आणि कर

ही बाब मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण लेखाचा शेवट लोक लक्षात ठेवतात. इंटरनेटवरची कमाई हीदेखील कमाईच. एच-४ व्हिसावर असलेल्या भगिनींना आणि बंधूंना कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, असल्याशिवाय काम करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना तो मिळू शकतो, सर्वांना नाही. एच-१बी वर असलेल्याला ज्या कंपनीने व्हिसा दिला तिचेच काम करता येते. विद्यार्थ्यांनाही बंधने आहेत. त्यामुळे वर्गणीचे बटण सुरू करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावे. महिन्याच्या शंभर डॉलर्ससाठी ग्रीन कार्डाची वाट अवघड करून घेऊ नये. तोपर्यंत विनामूल्य लिहावे की नाही, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

ज्यांना काम करण्याची मुभा आहे त्यांनी हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा. खर्च वजा जाता स्वयंरोजगाराची मिळकत वर्षाला ४०० डॉलर्स किंवा अधिक असेल तर रिटर्न भरावे लागते. आयकराशिवाय स्वयंरोजगाराचा साधारण १५.३ टक्के करही लागतो. कंपनीकडून १०९९ फॉर्म आला नाही म्हणजे कर नाही, हा गैरसमज आहे. उलट ई-मेल सेवेचे शुल्क, डोमेन, पी. ओ. बॉक्स, कार्डाचे शुल्क हे सर्व धंद्याचे खर्च म्हणून ‘शेड्यूल सी’वर दाखवता येतात. त्यासाठी पावत्या लागतात, आणि त्या तारीखवार असाव्यात. डब्यात भरलेल्या नकोत!

एका रविवारचे काम

वहिनींनी मग काय केले? त्यांनी दोन सेवांमध्ये मोफत खाती उघडली आणि दोन्हींतून यादी उतरवून पाहिली. एकीत नोंदणीची तारीखच येत नव्हती, ती बाद केली. डोमेन घेतले, पी. ओ. बॉक्स घेतला. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी त्या सांगू लागल्या, “आठवड्याच्या जेवणाचा तक्ता हवा असेल तर नाव नोंदवा.” वर्षभरात सातशे नावे जमली. अकरा हजारांपुढे सातशे म्हणजे काहीच नाही असे त्यांना वाटले होते. पण पुढच्या दिवाळीच्या वर्गाला बसलेल्या एकसष्ट जणांपैकी चौपन्न त्या सातशेतले निघाले.

आपणही येत्या रविवारी दुपारच्या झोपेआधी एवढे करावे. कागदावर दोन रकाने करून दोन सेवांची नावे लिहावीत. खाली चार ओळी : बाहेर पडणे, पाच हजार नावांचा खर्च, पत्र पोहोचणे, कायदा. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष करून पाहावे आणि मगच पैसे भरावेत. पहिल्या ओळीत जी सेवा नापास झाली तिचे बाकीचे गुण पाहू नयेत.

संध्याकाळी वहिनी हिशेबाला आल्या की हल्ली हातात डबा नसतो, एक पातळ फाइल असते. तिच्या पहिल्याच पानावर लिहिलेले आहे : “यादी उतरवली, तारीख १.” मला तरी एवढे पुरे आहे.